विडीची छाट आणि लेनिनची तसबीर : साम्यवाद टिकाऊ राज्यव्यवस्था होऊ शकतो का?

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. दिवाळीत सोलापूरजवळच्या कुंभारीला रे नगरात अम्माच्या, म्हणजे आईच्या, नव्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. माझा भाचा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. जेवताना त्यानं विचारलं, "मामा, पुस्तकात लिहिलंय साम्यवाद १९९१ला संपला. मग अम्मम्माच्या गल्लीत लाल झेंडा कसा काय?" मी काहीतरी उत्तर दिलं, पण ते माझं मलाच पटलं नाही. तेव्हापासून वाचतोय, विचार करतोय. इथे सोलापूरची बरीच मंडळी आहेत, म्हणून धागा काढला.

अम्मानं चाळीस वर्षं विड्या वळल्या. रात्री पानं भिजवायची, पहाटे साच्यावर कापायची, मांडीवर सूप घेऊन हजार विड्या पुऱ्या करायच्या आणि टोपली घेऊन कारखाना गाठायचा. लहानपणी तिच्याबरोबर मी कितीदा रांगेत उभा राहिलोय. तिथे मोठी भीती असायची छाटीची. तपासणारा जुडी हातात घेणार, दोन बोटांनी दाबणार आणि वीस-पंचवीस विड्या बाजूला टाकणार. बाद. त्यांची मजुरी नाही, आणि पान कमी भरलं तर ते अम्माच्याच पदरचं. विडी खरंच वाईट होती की तपासणाऱ्याचा मूड वाईट होता, हे कोण ठरवणार? युनियन ही गोष्ट मला कळली ती त्या रांगेत. एकदा अम्माच्या पुढच्या अक्काची अर्धी टोपली बाद झाली. बायकांनी रांग मोडली, कुणीतरी लाल बावट्याच्या, म्हणजे डाव्या युनियनच्या, ऑफिसला निरोप धाडला आणि दुपारपर्यंत निकाल फिरला. १९६६च्या विडी कामगार कायद्यात छाटीच्या वादासाठी कलम ३९ मध्ये स्वतंत्र तरतूद होती, हे मी फार पुढे वाचलं. पानं किती द्यायची, विडी बाद कशी ठरवायची, बाद विडीची मजुरी, यावरून भांडण झालं तर मालकाच्या वर कुणाकडे तरी जाता यायचं.

माझा सगळा प्रश्न इथून निघतो. उद्या कारखाना कामगारांच्या राज्याचा झाला, तपासणाऱ्याच्या छातीवर लाल बिल्ला आला आणि त्यानं टोपली बाद केली, तर अम्मानं कुणाकडे जायचं? युनियन त्यांचीच, कोर्ट त्यांचंच, पेपर त्यांचाच.

हे मनचे मांडे नाहीत. रशियात नोवोचेर्कास्क गावात रेल्वे इंजिनांचा मोठा कारखाना होता. १९६२च्या १ जूनला सरकारनं मटण-लोण्याचे भाव वाढवले. त्याच काळात कारखान्यानं कामाचं प्रमाण वाढवलं, म्हणजे तेवढंच काम करणाऱ्याच्या हातात आधीपेक्षा कमी पैसे. आपल्या भाषेत, हजारी मजुरी कापली. कामगार बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी ते गावात मोर्चा घेऊन गेले, हातात लाल झेंडे आणि लेनिनच्या तसबिरी. सैन्यानं गोळ्या घातल्या. २६ माणसं गेली. प्रेतं रातोरात वेगवेगळ्या गावांच्या स्मशानांत पुरली, पुढे ७ जणांना मृत्युदंड दिला, आणि जवळपास पंचवीस वर्षं हा प्रकार देशाला कळू दिला नाही.

ज्यांच्या नावानं राज्य, त्यांनीच त्या राज्याच्या संस्थापकाची तसबीर हातात धरली आणि त्यांच्यावरच गोळ्या. हे वाचल्यावर मला रात्री झोप आली नाही.

आणि तरीही अम्माचं घर खरं आहे. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीची १० हजार घरं झाली, उद्घाटनाला मनमोहन सिंग आले होते. मग रे नगर, ३० हजार घरांचा प्रकल्प. त्यातल्या १५ हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ला नरेंद्र मोदींच्या हस्ते मिळाला. या दोन्हीमागे माकपचे नेते आणि माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आपले आडम मास्तर, आणि लाल बावट्याची कित्येक वर्षांची चिकाटी आहे. विरोधात बसून ज्या विचारानं एवढं मिळवलं, तो सगळी सत्ता हातात आल्यावर नोवोचेर्कास्क का करतो? तो टिकाऊ राज्य होऊ शकतो का? मनापासून विचारतोय. फक्त शिव्या द्यायला कुणी येऊ नये, ही विनंती.

गिरणीचा_भोंगा

पूर्वभागकर, उत्तम धागा. माझं वय ७१. वडील आणि आजोबा दोघेही गिरणीत, आजोबा जुन्या गिरणीत. मी आयुष्यभर डावा राहिलो, आजही आहे. त्यामुळे दुसरी बाजू मांडणं माझं कामच आहे.

टिकणं मोजताना सुरुवात कुठून झाली तेही बघा. १८९७च्या जनगणनेत रशियात लिहिता-वाचता येणारे २८ टक्क्यांच्या आसपास. १९३९च्या जनगणनेत ८७. मध्ये एक महायुद्ध, एक यादवी, चौदा परकी सैन्यांचा हस्तक्षेप. त्यानंतर हिटलरशी लढताना २ कोटी ७० लाख माणसं गेली. १९४५ला देश राखेत होता आणि १९६१ला गागारिन अंतराळात. दुसऱ्या कोणत्या व्यवस्थेनं इतक्या मार खाल्लेल्या देशाला एवढ्या वेगानं उभं केलं? आणि ती मोडल्यावर काय झालं तेही सांगायला हवं. १९९४ पर्यंत रशियन पुरुषांचं सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली आलं. दुकानं भरली आणि माणसं मेली.

तुम्ही विचारता, अम्मानं कुणाकडे जायचं. मीही विचारतो. आमची गिरणी बंद पडली तेव्हा वडील कुणाकडे गेले? गेटवर कागद लागला. देणी मिळायला इतकी वर्षं लागली की त्यांच्या खात्यातले निम्मे लोक तोवर राहिलेच नव्हते. लोकशाही होती, कोर्ट होतं, पेपर होते, निवडणुका होत्या. वडील रोज सकाळी भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे, भोंगा वाजत नव्हता तरी. तेव्हा "भांडवलशाही टिकाऊ आहे का" असा धागा कुणी काढला नाही.

सोलापूरनं हे एकदा करून दाखवलंय, तेही विसरू नका. १९३०च्या मे महिन्यात कामगारांनी हे शहर चालवलं. आम्ही त्याला सोलापूर कम्यून म्हणतो.

जेकार्ड

काका, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या शेजारी दोन घरं गिरणीवाल्यांची होती, मी बघितलंय सगळं.

मी कारखानदार आहे, म्हणजे आठ लूम. त्यामुळे मला कुणी भांडवलदार म्हटलं तर मीच चमकतो. माझा कामगार आणि मी एकाच गल्लीत राहतो, आमची पोरं एकाच शाळेत. तरी मला वाटतं साम्यवाद टिकत नाही आणि त्याचं कारण छाटीच्याही आधीचं आहे.

कुठला टॉवेल विणायचा हे मला कसं कळतं? सकाळी सुताचा भाव कळतो. व्यापाऱ्याचा फोन येतो की गडद रंग पडून आहे, फिका पाठव. हॉटेलवाला म्हणतो वजन कमी चालेल पण पाणी टिपलं पाहिजे. एखाद्या गावात लग्नसराई लवकर लागली की चादरीची मागणी पंधरा दिवस आधी उसळते. ही सगळी माहिती हजार डोक्यांत विखुरलेली असते आणि माझ्यापर्यंत भावाच्या रूपानं पोचते. भाव वर गेला की मी लूम फिरवतो, खाली आला की थांबतो. आता हे सगळं मॉस्कोत बसलेल्या नियोजन समितीनं पाच वर्षं आधी ठरवायचं. मीटर पुरे झाले की बक्षीस. मग कारखाना मीटर पुरे करणारच, कापड कसंही असो! घेणाऱ्याला दुसरं दुकानच नाही.

एक आकडा मी कायम सांगतो. सोव्हिएत शेतकऱ्याला घरामागे छोटा तुकडा स्वतःसाठी कसायची मुभा होती. असे सगळे तुकडे मिळून देशाच्या पिकाखालच्या जमिनीच्या तीन-चार टक्के, आणि शेतीउत्पादनातला जवळपास चौथा हिस्सा त्यांतून यायचा. माणसं तीच, माती तीच, हवामान तेच.

वैशाखी

मी इतिहास शिकवते. भोंगाकाका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण १९३०चं नीट सांगायला हवं.

गांधीजींना ५ मेला अटक झाली. सोलापुरात संप, मिरवणुका सुरू झाल्या, ८ मेला गोळीबार झाला, पुढे पोलीस शहरातून हटवले गेले आणि १२ मेला मार्शल लॉ (लष्करी अंमल) आला. मधले ते थोडे दिवस शहराची व्यवस्था स्वयंसेवकांनी पाहिली, वाहतुकीसकट. गिरणी कामगार त्यात मोठ्या संख्येनं होते हे पूर्ण खरं. पण हातातला झेंडा तिरंगा होता आणि चळवळ काँग्रेसची. १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी गेलेले चौघे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, या चळवळीतले. कम्यून हे नाव नंतरच्या लेखनातून आलं. नावाचा मोह मला समजतो. पॅरिसमधलं कामगारांचं राज्य, पॅरिस कम्यून, १८७१ मध्ये ७२ दिवस टिकलं आणि त्या ७२ दिवसांवर जगभर दीडशे वर्षं लिहिलं जातंय. आपल्या त्या चार दिवसांवर फार थोडं लिहिलं गेलं, याची मला खंत आहे.

पूर्वभागकरांच्या मुद्द्याला जोड देते. पोलंड, ऑगस्ट १९८०, गदान्स्कची गोदी. गोदीचं नाव लेनिन गोदी. आना वालेंतीनोविच ही क्रेन चालवणारी बाई, निवृत्तीला काही महिने उरले असताना तिला कामावरून काढलं. तिला परत घ्या ही संपातली एक प्रमुख मागणी. त्यातून सॉलिडॅरिटी ही स्वतंत्र कामगार संघटना उभी राहिली आणि वर्षभरात सभासद एक कोटीच्या घरात! कामगारांच्या राज्यात कामगारांनी राज्याविरुद्ध एवढी मोठी युनियन काढली. १३ डिसेंबर १९८१ला तिथेही मार्शल लॉ लागला. हा शब्द सोलापूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पुढे जून १९८९च्या निवडणुकीत, जिथे जिथे मोकळेपणानं लढायला मिळालं तिथल्या जवळजवळ सगळ्या जागा सॉलिडॅरिटीनं जिंकल्या.

गिरणीचा_भोंगा

वैशाखीताई, तिरंग्याबद्दलची दुरुस्ती मान्य. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं मी तसंच लिहिलं. ते मार्शल लॉच्या दिवसांत गांधी टोपी घातली म्हणून मार खाल्लेले, हेही त्यांनीच सांगितलेलं. म्हणजे तुमचंच बरोबर.

हिंजवडी_ते_होटगी

सगळे रशिया-पोलंडवर का थांबलेत? चीन आहे ना समोर. १ ऑक्टोबर १९४९ पासून एकच पक्ष. सोव्हिएत युनियनची सगळी कारकीर्द १९१७ ते १९९१ धरली तर ७४ वर्षं, चीननं ती आता ओलांडली. जागतिक बँकेच्या मोजणीनुसार चाळीस वर्षांत जवळपास ८० कोटी माणसं अतिदारिद्र्यातून वर आली. व्हिएतनामही आहे. मी कामानिमित्त शेंझेनला जाऊन आलोय. जे पाहिलं त्यापुढे "टिकत नाही" हे वाक्य मला तरी बोलता येत नाही.

पूर्वभागकर

@हिंजवडी_ते_होटगी, मुद्दा वजनदार आहे, टाळणार नाही. पण टिकलं काय? पक्ष टिकला. व्यवस्था १९७८ला बदलली, आणि ती कुठून बदलली ते फार बोलकं आहे.

आन्हुई प्रांतात श्याओगांग नावाचं गाव. १९५८ नंतरच्या 'मोठ्या झेपे'च्या, म्हणजे माओनं सगळी शेती सामुदायिक करायला काढलेल्या मोहिमेच्या, काळात चीनमध्ये कोट्यवधी माणसं उपासमारीनं मेली. या गावानंही ते भोगलं. डिसेंबर १९७८ मध्ये १८ शेतकरी गुपचूप एका घरात जमले आणि कागदावर अंगठे उठवले. जमीन घराघरांत वाटून कसायची, सरकारचा वाटा द्यायचा, उरलेलं आपलं. पकडले गेलो आणि तुरुंगात गेलो, तर बाकीच्यांनी आमची पोरं अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची. असा करार! पुढच्या वर्षी पीक कित्येक पट आलं. आणि नेतृत्वानं त्यांना तुरुंगात न घालता तीच पद्धत देशभर नेली. पक्ष टिकला, कारण त्यानं स्वतःचा शेतीविषयक सिद्धांत सोडला. व्हिएतनामनं १९८६ मध्ये तेच केलं. जेकार्डदादांचा भाव-बाजाराचा मुद्दा त्या १८ अंगठ्यांत आहे, म्हणून तो मी मान्य करतो.

पण माझा मुद्दा तिथे आजही उभा आहे. चीनच्या राज्यघटनेत संपाचा हक्क होता, १९८२च्या घटनेत तो काढला. कामगार संघटना एकच, पक्षाच्या छत्राखालची. शेंझेनच्या कारखान्यात छाट निघाली तर त्या पोरीनं कुणाला निरोप धाडायचा?

हिंजवडी_ते_होटगी

मग तुमच्या मते टिकणं म्हणजे नक्की काय? पंचाहत्तर वर्षं पुरेशी नाहीत?

पूर्वभागकर

माझ्यापुरतं सांगतो. अम्मानं शिवलेली एक गोधडी घरात आहे, तिला इतकी ठिगळं आहेत की मूळ कापड शोधावं लागतं. तरी ती गोधडी टिकली म्हणतो, कारण ठिगळ लावायचा हक्क घरातल्या प्रत्येकाला होता. चीनमध्ये ठिगळ लागलं, पण कधी आणि कुठे लावायचं हे वरच्या काही माणसांच्या मर्जीवर राहिलं. १९५८ ते १९७८ ही वीस वर्षं त्या मर्जीची वाट बघण्यात गेली. त्यात किती माणसं गेली हेही टिकण्याच्या हिशेबात धरावं लागेल, असं मला वाटतं.

नागसेन_बुधवारपेठ

या चर्चेत बाबासाहेब आले नाहीत तर ती अपुरी राहील. हा प्रश्न त्यांनी दोनदा, दोन बाजूंनी हाताळलाय.

पहिल्यांदा १९४७ मध्ये. संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी त्यांनी जे निवेदन तयार केलं, त्यात मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे, विमा सरकारी, शेतजमीन सरकारची आणि ती गावकऱ्यांनी सामुदायिकपणे कसायची, जातधर्म न बघता, अशी योजना आहे. म्हणजे अर्थव्यवस्थेच्या बाबतीत ते किती डावीकडे होते बघा. आणि टिकण्याचा प्रश्न त्यांनी थेट घेतला. हुकूमशाहीत समाजवाद टिकतो कारण विरोधच नसतो. संसदीय लोकशाहीत आज आलेलं बहुमत उद्या जातं, मग समाजवाद टिकायचा कसा? त्यांचा उपाय होता, तो संविधानातच लिहून टाका. म्हणजे हुकूमशहाही नको आणि पाच वर्षांनी उलटापालटही नको. ही योजना स्वीकारली गेली नाही. पण त्यांनी प्रश्न किती अचूक पकडला होता!

दुसऱ्यांदा नोव्हेंबर १९५६, काठमांडू, महापरिनिर्वाणाच्या काही दिवस आधी. बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलताना त्यांनी ध्येयाबद्दल फार वाद घातला नाही, दुःख आणि शोषण दोघांनाही संपवायचंय असं धरलं. वाद मार्गाचा. बळानं आणलेलं बळ असेपर्यंत राहतं. माणसाचं मन वळलं असेल तर पहारेकरी लागत नाही. १९५६ला रशिया शिखरावर होता, तेव्हा हे बोलायला धैर्य लागत होतं. मला पूर्वभागकरांच्या छाटीपेक्षाही हा मुद्दा मुळाशी जाणारा वाटतो.

अजून एक. आपल्याकडच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आमच्या माणसांना बराच काळ घेतलं जात नव्हतं, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागायचा. लाल युनियनवाल्यांना वर्ग दिसला, हे दिसायला वेळ लागला. मुंबईच्या १९२८च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला होता. ज्याला कामगारांमधली उतरंड दिसत नाही, त्याच्या कामगारराज्यात आम्ही कुठे असतो?

अक्काची_लेक

मी बराच वेळ फक्त वाचत होते. माझी आईपण विडीवाली. पूर्वभागकर, तुमची अम्मा आणि माझी आई कदाचित एकाच रांगेत उभ्या असतील.

सगळे कामगार कामगार म्हणताय. सोलापुरात विडी कामगार म्हणजे बाई. नवरा लूमवर किंवा रिकामा, हप्ता बाईच्या विडीवर. मग मी शोधायला गेले की बाईला या राज्यांत काय मिळालं. पुष्कळ मिळालं, मान्य. पाळणाघरं, शिक्षण, घटस्फोटाचा हक्क, तेव्हा जगात बऱ्याच ठिकाणी नव्हतं ते. गर्भपाताला १९२० मध्ये कायदेशीर मान्यता देणारा रशिया जगातला पहिला देश. आणि १९३६ला तीच मान्यता काढून घेतली, कारण सरकारला लोकसंख्या हवी होती. १९५५ला परत दिली. तिन्ही वेळा त्या बायकांना कुणी विचारलं होतं का? दिलं त्यांनी, काढलं त्यांनी. आईच्या टोपलीसारखंच. सत्तर वर्षांत त्यांच्या पक्षाच्या सर्वोच्च समितीत, पॉलिटब्युरोत, बायका किती, तर बोटावर मोजण्याइतक्यापण नाहीत. आपल्या माकपच्या पॉलिटब्युरोत पहिली बाई २००५ मध्ये आली. मी आरोप करायला लिहीत नाही. माझ्या आईच्या डोक्यावरचं छप्पर मोर्चात चालून मिळालंय, तिच्याबरोबर मीपण ऊन खाल्लंय. म्हणूनच लिहिते. जे आपलं वाटतं त्यालाच हे विचारायचं असतं.

जेकार्ड

ताई, पटलं.

मलबार_मेल

मी मूळचा सोलापूरचा, नोकरीमुळे नऊ वर्षं कन्नूरला होतो. विडीवर एवढं बोलणं झालं आणि कुणी दिनेश विडीचं नाव काढलं नाही, म्हणून लिहितोय.

१९६६चा तोच विडी कायदा. केरळात तो लागू व्हायची वेळ आली तेव्हा खासगी कारखानदारांनी कन्नूर भागातले कारखाने बंद केले आणि १२ हजारांच्या आसपास कामगार रस्त्यावर आले. त्या वेळी राज्यात डाव्यांचं सरकार. त्यांनी कारखाने ताब्यात घेऊन सरकारी खातं काढलं नाही. १९६९ मध्ये कामगारांच्या सहकारी सोसायट्या उभ्या केल्या, भागभांडवलासाठी कर्ज दिलं. केरळ दिनेश विडी. ऐन भरात ४० हजारांच्या वर कामगार तिथे होते. घरी वळायची पद्धत नाही, शेडमध्ये एकत्र बसून काम. मजुरी जास्त, बोनस, पगारी सुट्टी, निवृत्तिवेतन. आणि एक जण मोठ्यानं पेपर वाचणार, बाकीचे वळत वळत ऐकणार, ही कन्नूरच्या विडी कामगारांची जुनी रीत. त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे भरून काढत. मी हे म्हाताऱ्या कामगारांकडून ऐकलंय, सांगताना त्यांचे चेहरे बघायला हवेत!

संचालक मंडळ कामगारांतून निवडलेलं. पुढे लोक विडी सोडू लागले, मागणी पडली. तेव्हा त्यांनी १९९०च्या दशकापासून खाद्यपदार्थ, छत्र्या, कपडे असं काय काय सुरू केलं. कामगार खूपच कमी झाले, पण संस्था आजही आहे. कोळिकोडजवळची उरालुंगल मजूर सोसायटी तर १९२५ची, शंभर वर्षं झाली, रस्ते आणि पूल बांधते.

एवढं बघून मला वाटतं की टिकलेला साम्यवाद शोधायचा तर राजधानीत शोधू नये. अशा ठिकाणी शोधावा.

जेकार्ड

पण दादा, हा साम्यवाद कुठंय? बाजारात विडी विकायची, दुसऱ्या ब्रँडशी टक्कर द्यायची. हा तर सहकार झाला. आणि सहकाराचं आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. निवडणुका होतात, पण त्याच त्या घरांतली माणसं निवडून येतात. मी दोन सोसायट्या डोळ्यांदेखत बुडताना बघितल्यात. एकीत माझ्या वडिलांचे पैसे होते.

मलबार_मेल

खरं आहे, नाव काय द्यायचं त्यावर मी भांडणार नाही. मला फरक दिसला तो माणसांत. कन्नूरला त्या सोसायटीआधी तीस-पस्तीस वर्षं युनियन होती, वाचनालयं होती, लोकांना बैठकीत उठून हिशेब विचारायची सवय होती. सोसायटी त्यावर उभी राहिली. आपल्याकडे पुष्कळदा सोसायटी आधी नोंदवली गेली आणि सभासदाला आपण सभासद आहोत हे बुडाल्यावर कळलं.

आणि केरळच्या सरकारचंही बघा. १९५७ला कम्युनिस्टांचे ईएमएस नंबुद्रीपाद निवडून आले, ३१ जुलै १९५९ला केंद्रानं ते सरकार बरखास्त केलं. तरी पक्ष परत मतं मागायला गेला. तेव्हापासून येतायत, जातायत. हरले की घरी बसतात आणि पुढच्या वेळी जास्त शहाणे होऊन येतात. जमीन सुधारणा विरोधकांनीही उलटवली नाही, कारण कुळं दोन्ही बाजूंना मतं देणारी होती.

वैशाखी

बंगालचंही हेच. १९७७ ते २०११, सलग ३४ वर्षं निवडून आलेलं डावं सरकार. सुरुवातीला ऑपरेशन बर्गा, १४ लाखांहून जास्त बटाईदारांची नोंद, त्यांना जमिनीवरून हुसकता येईना. त्याच सरकारच्या काळात १४ मार्च २००७ला नंदीग्राममध्ये शेतजमीन वाचवायला उभ्या राहिलेल्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, १४ जण गेले. माझ्या डोक्यात नोवोचेर्कास्क आणि नंदीग्राम शेजारी शेजारी येतात. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की नंदीग्रामची बातमी त्याच संध्याकाळी देशभर गेली आणि चार वर्षांत मतदारांनी सरकार घालवलं. नोवोचेर्कास्कला पंचवीस वर्षं थांबावं लागलं आणि शेवटी देशच राहिला नाही.

गिरणीचा_भोंगा

दोन दिवस काही लिहिलं नाही, वाचत होतो. पूर्वभागकर, नोवोचेर्कास्क मला माहीत नव्हतं असं नाही. १९८९ च्या सुमारास बातम्या येऊ लागल्या तेव्हा आमच्या अभ्यासवर्गात मी तो अपप्रचार म्हणून बाजूला सारला होता. एका तरुण पोरानं विचारलं होतं, मी त्याला गप्प केलं. तो पुन्हा वर्गाला आला नाही. हुशार होता. हे आज लिहिताना हात थोडा जड झालाय.

माझं मत पुरतं बदललेलं नाही. मालकाच्या हातात सगळं सोडून चालत नाही, हे गिरणीच्या गेटवर लावलेल्या त्या कागदानं मला शिकवलंय. पण त्या पोराला मी उत्तर द्यायला हवं होतं.

पूर्वभागकर

काका, तुम्ही हे लिहिलंत, आणखी काय बोलू.

भाच्याला मी काल परत बसवलं आणि एवढंच सांगितलं : एकाच हातात कारखाना, न्याय आणि पेपर देणारं राज्य, झेंडा कुठलाही असो, मला टिकाऊ वाटत नाही, आणि रशिया त्याचा पुरावा आहे. पण अम्मम्माच्या गल्लीतला झेंडा त्या राज्याचा नाही. तो तीस वर्षं अर्ज-मोर्चे करणाऱ्यांचा आहे, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांना कुंभारीत यायला लावणाऱ्यांचा. त्याला पाडायचा हक्क मतदाराला होता आणि मतदारानं तो कितीदा तरी वापरलाय. आडम मास्तर १९७८ला निवडून आले, मग १९९५, मग २००४. मधल्या आणि नंतरच्या निवडणुका हरले. रे नगरचं काम त्या हरलेल्या वर्षांत पुढे सरकलं.

त्यानं विचारलं, मग रे नगरात आता कोण ठरवतं? पाणी किती वेळ सोडायचं, रिकामं घर कुणाला द्यायचं? मी म्हटलं, ते तू शोधून काढ. अक्काची_लेक, मलबार_मेल, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आमच्या गल्लीतल्या बायकांना कन्नूरच्या सोसायटीची घटना मराठीत आणि तेलुगूत वाचून दाखवायची आहे. मल्याळम वाचणारं कुणी ओळखीचं असेल तर कळवा. अम्मा म्हणाली, वाचणारा एक असू दे, आम्ही ऐकत वळू.